वाचकांचे प्रश्न: पँट घालायला पोलिसांची परवानगी?

प्रश्न: रोझा बोनर या फ्रेंच चित्रकर्तीला पँट घालायला पोलिसांची परवानगी काढावी लागायची असं वाचलं, हे खरंय का? आणि ती जन्मभर प्राणीच का काढत बसली? (एक वाचक, सांगली)

उत्तर: हो, अगदी खरंय. पॅरिसमध्ये १८०० पासून पोलिसांचा तसा हुकूमच होता, बाईला पुरुषी कपडे घालायचे तर डॉक्टरचं सर्टिफिकेट आणा आणि परवाना काढा. रोझाचा १८५७ चा परवाना अजून शाबूत आहे. मुदत सहा महिने, कारण 'तब्येत', आणि वर अट अशी की या वेषात नाटकाला, नाचाला, सार्वजनिक जमावात जायचं नाही!

पण लोक तिच्या पँटवरच अडकतात याचं मला खरंच वाईट वाटतं, कारण पँट हवी होती ती कामासाठी. कत्तलखान्यात रक्तामांसात उभं राहून जनावराचं हाड कुठे, स्नायू कुठे हे ती बघायची, घोडेबाजारात दीड वर्ष आठवड्यातून दोनदा जाऊन स्केचेस करायची, तिथे लांब घागरा सांभाळत आणि पुरुषांच्या नजरा झेलत काम कसं होणार? त्यातून 'घोडेबाजार' हे चित्र झालं, १८५३ च्या पॅरिसच्या सलोंमध्ये, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी चित्रप्रदर्शनात, लागलं, आठ फूट उंच, साडेसोळा फूट रुंद. नंतर गँबार्ट नावाच्या चित्रांच्या डीलरने ते ४०,००० फ्रँकला घेतलं.

मला मात्र त्याआधीचं, १८४९ चं नांगरणीचं चित्र जास्त आवडतं. फ्रान्सच्या निव्हेर्ने भागातली शेतं, एकामागे एक दोन सहा बैली नांगर, शेजारी पराणी घेतलेला गडी, आणि खाली नुकतीच उलटलेली ओली ढेकळं. एक पांढरा बैल चालता चालता थेट तुमच्याकडे बघतो. ज्याच्या घरी बैल होते त्याने ते मानेवरचं जू आणि खांद्याची ताणलेली कातडी बघावी, बाई शेतात जाऊन बसली होती हे लगेच कळतं.

प्राणीच का, तर लहानपणी तिला अक्षरं येत नव्हती म्हणून आईने प्रत्येक अक्षराला एक प्राणी काढायला लावला, तेव्हापासूनचा नाद. ती अकरा वर्षांची असताना आई गेली, पुढे वडिलांनी शिकवलं, ते स्वतः चित्रकार होते आणि बायका-पुरुष समान मानणारे. स्वतःच्या कमाईवर तिने फाँतेनब्लोच्या जंगलालगत बी या गावी मोठं घर घेतलं, तिथे सिंहसुद्धा पाळले होते! १८६५ मध्ये फ्रान्सची सम्राज्ञी युजेनी स्वतः त्या घरी येऊन लिजन ऑफ ऑनर हा फ्रान्सचा मोठा सन्मान देऊन गेली, हा मान मिळालेली ती पहिली चित्रकर्ती.

नांगरणी पॅरिसच्या ऑर्से म्युझियममध्ये आहे, घोडेबाजार न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये, म्हणजे मेटमध्ये. मेटच्या साइटवरून मोठी इमेज फुकट डाउनलोड होते, ती मोबाइलवर नको, मोठ्या स्क्रीनवर झूम करून बघा.