अकरा वर्षांनी मनोरुग्णालयातून सुटणाऱ्या भावाला सामायिक घरात ठेवणं म्हणजे त्याला पुन्हा टाकणंच नाही का?

तुमचे डॉक्टर चार-पाच जणांच्या सामायिक घराचं सुचवतायत आणि तुमचा जीव तयार होत नाहीये. मी अशा घरात सहा वर्षं मदतनीस होतो, म्हणून लिहितोय.

टाकणं आहे की नाही, ते खोलीची किल्ली कुणाकडे आहे यावर ठरतं. भावाच्या खिशात असेल तर ते घर. केअरटेकरकडे असेल तर तो छोटा वॉर्डच.

आमच्याकडे एक काका होते. सुरुवातीला ते रात्रभर दिवा लावूनच बसायचे. आम्हाला वाटलं, अंधाराला घाबरतात. तसं नव्हतं. वॉर्डातला दिवा वर्षानुवर्षं दुसरंच कुणीतरी घालवायचं, आपण घालवायचा असतो हेच हाताला उरलं नव्हतं. मी नुसता दाराशी थांबलो. बऱ्याच वेळाने त्यांनी बटण दाबलं. लगेच परत लावलं, परत बंद केलं. घरी हे अवघड जातं, कारण तिथे आई आधीच उठून दिवा घालवते.

मात्र नुसती खोली पुरत नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकापासून मोठी मनोरुग्णालयं रिकामी होत गेली, बाहेर पुरेशी सोय झाली नाही आणि कितीतरी माणसं रस्त्यावर, तुरुंगात पोचली. इटलीत त्रिएस्तेला मनोविकारतज्ज्ञ फ्रांको बसालिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनोरुग्णालय मोडीत काढताना शहरात चोवीस तास उघडी मानसिक आरोग्य केंद्रं आणि छोटी घरंही उभी केली, म्हणून तिथे निभावलं. कॅनडात २००९ ते २०१३ मध्ये पाच शहरांत बेघर मनोरुग्णांना उपचार घेण्याची किंवा व्यसन सोडण्याची अट न घालता आधी घर आणि जोडीला मदत देऊन पाहिली. नेहमीच्या सेवेतल्या लोकांपेक्षा ही माणसं घरात कितीतरी जास्त टिकली. आजाराची लक्षणं मात्र दोन्हीकडे साधारण सारखीच कमी झाली. तेव्हा घर मिळालं की आजार जाईल, ही आशा भावावर लादू नका.

घर बघायला जाल तेव्हा एक प्रश्न नक्की विचारा: त्रास वाढून पुन्हा दाखल व्हावं लागलं, तर खोली राखून ठेवता का? एका घरात एक मुलगा तीन आठवडे वॉर्डात गेला, तेवढ्यात त्याची खोली दुसऱ्याला दिली. पुढे दुसरी खोली मिळाली, पण त्याने बॅग कधी रिकामी केली नाही. कपडे बॅगेतूनच काढायचा, धुऊन बॅगेतच ठेवायचा. किती महिने राहता येतं आणि रात्री-अपरात्री फोन कोण उचलतं, हेही तिथेच विचारून घ्या.

भावाला सोबत न्या. खोली त्यालाच बघू दे. त्याला नको वाटली तर दुसरी बघा. आणि तो राहायला गेल्यावर भेटायला जाल, तेव्हा दार वाजवा आणि तो उघडेपर्यंत बाहेर थांबा.