वाचकांचे प्रश्न: बिझनेस क्लासचं भाडं आणि अपग्रेड

या वेळच्या बहुतेक पत्रांत एकच घोटाळा दिसतो. विमानाच्या तिकिटावर ‘बिझनेस’ लिहिलेलं आहे एवढ्यावर लोक निश्चिंत होतात आणि नियम वाचायचे राहून जातात.

प्रश्न : एकच विमान, एकच दिवस, दोन्ही तिकिटं बिझनेसची, तरी भाड्यात तीस हजारांचा फरक. एजंट म्हणतो ‘क्लास वेगळा’. म्हणजे काय? (फोंडा)

एजंट बरोबर सांगतो. केबिन एकच असली तरी तिची आसनं वेगवेगळ्या भावांनी विकली जातात आणि प्रत्येक भावाला एक इंग्रजी अक्षर असतं. बिझनेससाठी बहुतेक कंपन्या जे, सी, डी, झेड, आय ही अक्षरं वापरतात. त्यांतलं ‘जे’ हे अक्षर साधारणपणे पूर्ण भाड्याचं असतं. बाकीच्यांचा क्रम प्रत्येक कंपनीचा आपापला, त्यामुळे एका कंपनीवरून दुसरीचा अंदाज बांधू नये. ई-तिकिटावर उड्डाण क्रमांकाजवळ, ‘क्लास’च्या रकान्यात हे अक्षर छापलेलं असतं.

अक्षराबरोबर चार गोष्टी बदलतात: तारीख बदलण्याचं शुल्क, रद्द केल्यास मिळणारा परतावा, मिळणारे माइल्स (प्रवासाबद्दल कंपनी देते ते गुण), आणि हल्ली लाउंज, म्हणजे विमानतळावरचा आरामकक्षसुद्धा. कतार एअरवेजचं ‘बिझनेस लाइट’ किंवा एमिरेट्सचं ‘बिझनेस स्पेशल’ ही भाडी अशीच कापून स्वस्त केलेली आहेत. आसन तेच, जेवण तेच, पण लाउंज भाड्यात धरलेलं नसतं. दोहा किंवा दुबईत सहा तास थांबायचं असेल तर हा फरक जाणवतो. दीड तासच असेल तर स्वस्त भाडं घ्यायला हरकत नाही.

शोधताना एक युक्ती नक्की करा. चौघांचं भाडं एकत्र शोधलंत आणि स्वस्त अक्षरात दोनच आसनं उरली असतील, तर संगणक चौघांनाही वरचा भाव लावतो. आधी एका प्रवाशासाठी शोधा, मग दोन, मग चार. ज्या आकड्याला माणशी भाव उडी मारतो तिथे बुकिंग दोन भागांत करा. मात्र दोन पीएनआर (म्हणजे बुकिंगचे क्रमांक) झाले की उड्डाण रद्द झाल्यावर कंपनी तुम्हाला एकत्रच हलवेल याची खात्री राहत नाही. सोबत लहान मूल किंवा वयस्क माणूस असेल तर हे करू नका.

कराचाही हिशेब धरा. इकॉनॉमीवर जीएसटी ५ टक्के आहे. त्यावरच्या सगळ्या वर्गांवर, प्रीमियम इकॉनॉमी धरून, २२ सप्टेंबर २०२५ पासून १२ ऐवजी १८ टक्के. चाळीस हजारांच्या भाड्यावर ७,२०० रुपये झाले. धंद्याच्या कामाचा प्रवास असेल तर जीएसटी क्रमांक बुकिंग करतानाच भरा, नंतर तो घालून घेणं फार कटकटीचं होतं. आणि ‘नॉन-रिफंडेबल’ तिकीट रद्द केलं तरी सरकारी कर आणि विमानतळ शुल्क परत मिळायलाच हवेत, असा डीजीसीएचा, म्हणजे विमान वाहतुकीवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आहे. ते मागून घ्या.

प्रश्न : इकॉनॉमीचं तिकीट काढल्यावर ‘अपग्रेडसाठी बोली लावा’ असा ईमेल आला. लावावी का? किती? (म्हापसा)

आधी बोलीचा अर्थ समजून घ्या: वरच्या वर्गातल्या आसनासाठी जास्तीचे किती द्याल ते तुम्ही सांगायचं, कंपनीला पटलं तर ते आसन मिळतं. तुम्ही सांगता ती रक्कम माणशी आणि टप्प्यागणिक असते. नवरा-बायको दोघं आणि दोन टप्पे असतील तर दहा हजारांची बोली प्रत्यक्षात चाळीस हजारांची होते. पडद्यावर बेरीज दिसते, पण लोक घाईत वरचा आकडाच वाचतात. एका पीएनआरवरचे सगळे एकत्रच अपग्रेड होतात. एकालाच हवं असेल तर तिकिटं मुळातच वेगळी काढावी लागतात.

किती लावायची याचं गणित असं: त्याच दिवसाचं सर्वांत स्वस्त बिझनेस भाडं बघा, त्यातून तुमच्या इकॉनॉमी तिकिटाची किंमत वजा करा. उरलेल्या रकमेच्या जवळ जाणारी बोली लावायची असेल तर ती लावूच नका, सरळ बिझनेसचं तिकीट घ्या. कारण बोलीनं आसन बदलतं, तिकीट बदलत नाही. परतावा, बदलाचं शुल्क, माइल्स हे सगळं सहसा जुन्या इकॉनॉमी अक्षराप्रमाणेच राहतं. सामान आणि लाउंज वाढून मिळतं की नाही, हे कंपनीगणिक वेगळं, म्हणून बोलीच्या पानावरच्या अटी उघडून वाचा. आमच्या मते फरकाच्या निम्म्यापर्यंत बोली ठीक, त्यापुढे नाही.

दोन टप्पे असतील तर फक्त लांबच्या, रात्रीच्या टप्प्यावर लावा. बोली स्वीकारल्यावर पैसे परत मिळत नाहीत. स्वीकारली जाईपर्यंत मात्र बहुतेक ठिकाणी ती बदलता किंवा मागे घेता येते. निकाल कधी दोन-तीन दिवस आधी येतो, कधी काही तास आधी. पायाला जागा असलेलं आसन पैसे भरून घेतलं असेल तर ते पैसे बहुधा जातात. शाकाहारी जेवण सांगून ठेवलं असेल तर अपग्रेड झाल्यावर पुन्हा सांगा, केबिन बदलताना अशी विनंती कधीकधी गळते.

बोली फसण्याचं एक साधं कारण कार्ड असतं. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या नियमानुसार नव्या कार्डावर परदेशी व्यवहार मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये ते चालू करा, मर्यादा वाढवा आणि निकाल लागेपर्यंत तसंच ठेवा. पैसे बोली लावताना नव्हे, ती मंजूर झाल्यावर कापले जातात.

प्रश्न : गोवा–मुंबई–फ्रँकफर्ट–लिस्बन असं बिझनेसचं तिकीट मिळतंय. महाग वाटतं, पण प्रवास आरामात होईल ना? (मडगाव)

मधल्या टप्प्यात होईल. पहिल्या टप्प्याच्या विमानात बिझनेस केबिन नसेल तर तिथे तुम्ही इकॉनॉमीतच बसाल; तिकिटावर त्या टप्प्यापुढे वायसारखं इकॉनॉमीचं अक्षर दिसेल. युरोपातल्या छोट्या उड्डाणांत बिझनेस म्हणजे बहुधा इकॉनॉमीचीच खुर्ची, फक्त मधलं आसन रिकामं ठेवलेलं. म्हणजे जास्तीचे पैसे खऱ्या अर्थानं मुंबई–फ्रँकफर्टच्या रात्रीसाठी आहेत. एजंटाला ‘मिक्स्ड केबिन’ भाडं काढायला सांगा: लांबचा टप्पा बिझनेस, बाकीचे इकॉनॉमी. पण सगळं एकाच तिकिटावर हवं, म्हणजे एक उड्डाण चुकलं तर पुढची जबाबदारी कंपनीवर राहते आणि सामान लिस्बनपर्यंत जातं. विमानाचा प्रकारही बघा. आसनांची मांडणी १-२-१ असेल तर प्रत्येकाला थेट वाट मिळते. २-२-२ असेल तर खिडकीपाशी बसणाऱ्याला शेजाऱ्याला ओलांडावं लागतं.

आणखी दोन गोष्टी. विमानतळाचा कोड तपासा: जीओआय म्हणजे दाबोळी, जीओएक्स म्हणजे मोपा. जाताना एक आणि येताना दुसरा असेल तर दाबोळीवर ठेवलेली गाडी आणायला मोपाहून अख्खा गोवा ओलांडावा लागेल. मुंबईत तुमचं विमान टर्मिनल १ ला उतरत असेल तर टर्मिनल २ ला रस्त्यानं जायचं असतं, त्याला वेळ ठेवा.

प्रश्न : माइल्स भरपूर आहेत, तरी ‘अपग्रेड उपलब्ध नाही’ असं येतं. केबिन तर रिकामी दिसते. (डिचोली)

माइल्सच्या अपग्रेडसाठी कंपनी आसनांचा वेगळा, छोटा वाटा ठेवते. विक्रीला आसनं आहेत म्हणून तो वाटा उघडा असतोच असं नाही. शिवाय इकॉनॉमीच्या सर्वांत स्वस्त अक्षरांवर बऱ्याचदा माइल्सनं अपग्रेड होतच नाही. तिकीट काढण्यापूर्वी ‘हे अक्षर अपग्रेडला चालतं का आणि त्या दिवशी जागा आहे का’ हे दोन्ही कॉल सेंटरला विचारा. दुसऱ्या कंपनीचं विमान आणि आपल्या कंपनीचा क्रमांक, अशा कोडशेअर उड्डाणावर तर सहसा नाहीच.

प्रश्न : बिझनेसचे पूर्ण पैसे भरले आणि काउंटरवर इकॉनॉमीचा बोर्डिंग पास हातात ठेवला, तर हक्क काय? (वास्को)

याबद्दलचा डीजीसीएचा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. तुमच्या इच्छेविरुद्ध खालच्या वर्गात बसवलं तर देशातल्या उड्डाणावर तिकिटाच्या किमतीच्या, कर धरून, ७५ टक्के परत मिळतात. परदेशी उड्डाणावर अंतराप्रमाणे: १,५०० किलोमीटरपर्यंत ३० टक्के, ३,५०० पर्यंत ५०, त्यापुढे ७५. गोव्याहून मस्कत, दुबई, दोहा मधल्या गटात येतात, लंडन शेवटच्या.

काउंटरवर ‘स्वेच्छेनं’ असं लिहिलेल्या कागदावर सही करू नका. खालच्या वर्गात बसवल्याचं लेखी मागा, जुना आणि नवा दोन्ही बोर्डिंग पास जपा, ई-तिकिटाची प्रत जोडून कंपनीच्या नोडल (तक्रारी बघणाऱ्या) अधिकाऱ्याला लिहा. दाद मिळाली नाही तर केंद्र सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार नोंदवा. आसन बोलीनं मिळालेलं असेल तर कंपनीच्या अटींत सहसा फक्त बोलीची रक्कम परत करायचं लिहिलेलं असतं.