सापांची शास्त्रीय नावं: सुरुवात कुठून करायची?

शंभर नावं पाठ करायला बसू नका, आठवड्यात कंटाळाल. आधी आपले चार मुख्य विषारी साप घ्या आणि नावातला दुसरा शब्द बघा. तो बहुधा रंग, खवले, सवय किंवा एखाद्या माणसाबद्दल सांगतो. फुरसं 'एकिस कॅरिनेटस': कॅरिनेटस म्हणजे कड असलेला. फोटो मोठा करून बघा, प्रत्येक खवल्यावर मधोमध उभी कड दिसेल. मण्यारीचं 'सेरुलियस' म्हणजे निळा. घोणशीचं 'रसेली' भारतीय सापांचा अभ्यास करणारे डॉक्टर पॅट्रिक रसेल यांच्यावरून.

नवखे हमखास इथे अडकतात:

- सगळं लॅटिनच असणार असं धरतात. 'एकिस' ग्रीक आहे, आणि नागाच्या नावातलं 'नाजा' तर आपला संस्कृत 'नाग'च!
- नावावर डोळे मिटून विश्वास ठेवतात. धामणीचं 'म्युकोसा' म्हणजे बुळबुळीत. धामण तशी मुळीच नसते. कवड्याचं 'लायकोडॉन' म्हणजे लांडग्याचे दात, पण कवड्या बिनविषारी. म्हणून नावाच्या अर्थावरून साप कधीच ओळखू नका.

उच्चारांवरून वाद घालू नका, वेळ जातो. दिवडाचं 'झेनोक्रोफिस' बदलून 'फाउलिया' का झालं, तेही सध्या सोडा.