गेन पूर्ण वाढवूनही घरी रेकॉर्ड केलेली गिटार जड का वाटत नाही?

तुम्ही लिहिलंय की ॲम्पचा गेन, म्हणजे आवाज फाडणारं बटण, नऊवर आहे, चार ट्रॅक एकावर एक चढवलेत, तरी आवाज पातळ आणि चरचरीत येतो. आधी गेन चारवर आणा. बाकीचं नंतर.

मी सांगलीत विश्रामबागला, भिंतींना गाद्या टेकवलेल्या एका खोलीत रेकॉर्डिंग करतो. माझीही पहिली चूक हीच. रात्रभर बसून चार ट्रॅक केले. हेडफोनमध्ये एकेकटा ट्रॅक राक्षसासारखा वाटत होता. सकाळी मित्राच्या गाडीत लावलं, तर अर्ध्या मिनिटानं तो विचारतो, "गिटार कधी सुरू होणार?" गिटार पहिल्या ठोक्यापासून चालू होती. त्याला ती रेकॉर्डिंगमधली खरखर वाटली.

होतं असं, की गेन वाढवला की लाटेची टोकं कापली जातात. जोरात मारलेला आणि हळू मारलेला स्वर जवळपास सारख्याच आवाजाला येऊन टेकतात. पिक, म्हणजे तार छेडायची चकती, तारेवर आपटल्याचा जो 'ठक्' असतो, तोच नाहीसा होतो, आणि वजन तर त्या ठक्-मध्ये असतं. मग असे चार ट्रॅक एकत्र केले की सलग फसफस उरते. वरातीतल्या बेंजोचं बघा ना. सगळी बटणं शेवटपर्यंत फिरवलेली असतात, आणि दोन गल्ल्या पलीकडे भोंग्यातून फक्त चर्रर्र ऐकू येतं.

मला हे नीट कळलं ते मिरजेत, आईच्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजारव, नीट करून घ्यायला गेलो तेव्हा. कारागीर घोडी, म्हणजे तारा टेकतात ती पट्टी, कानशीनं जरासं घासायचा, तार छेडायचा, पुन्हा घासायचा. तारेखालचा सुताचा धागा केसभर पुढेमागे सरकवायचा. जवारी फार उघडली की नुसती खरखर, बंद राहिली की आवाज मुका. तो जिथे थांबला तिथे एकटा तंबोरा मला काहीसा साधाच वाटला. मग त्यानं शेजारी त्याच सुरातला दुसरा घेतला, आणि खोली भरली. दोन्हींच्या तारा अगदी एकाच क्षणी सुटत नव्हत्या, म्हणूनच भरली.

गिटारचंही तेच. एकटा ट्रॅक ऐकताना 'अजून थोडा गेन हवा होता' असं वाटलं पाहिजे. तसं वाटत असेल तर तुम्ही बरोबर जागी आहात. एसी/डीसी या रॉक बँडचा गिटारवादक मॅल्कम यंग हे याचं ठळक उदाहरण: गेन कमी, तारा जाड, उजवा हात दणकट.

आता थर. तोच ट्रॅक कॉपी-पेस्ट करू नका. हुबेहूब कॉपीनं आवाज फक्त 6 डेसिबलनं वाढतो, आणि एक डावीकडे, एक उजवीकडे टाकलात तरी तो दोन्हींच्या मध्यभागातूनच ऐकू येतो. कॉपी थोडी मागे सरकवून फसवता येतं, पण मोबाइलच्या एका स्पीकरवर आवाज पोकळ होतो. प्रत्येक थर नव्यानं वाजवायचा. पहिले दोन टेक पूर्ण डावीकडे आणि पूर्ण उजवीकडे. पुढचे दोन, हवे असतील तरच, गिटारच्या वेगळ्या पिकअपवर (तारांचा आवाज पकडणारा भाग) किंवा वेगळ्या ॲम्पवर, दोन्ही बाजूंना 70–80 टक्क्यांपर्यंतच सरकवून, आणि पहिल्या जोडीपेक्षा चार-पाच डेसिबल खाली. मधली जागा किक ड्रम, बेस गिटार आणि गायकाची.

कमी गेनचा तोटा असा की हात उघडा पडतो. पाम म्यूट (तळहात टेकवून तारा दाबणं) ढिला असेल, ठोका मागेपुढे झाला असेल, तर लपायला जागा नसते. दोन टेकमध्ये थोडा फरक हवाच, त्यानंच रुंदी येते. पण तो तीसेक मिलिसेकंदांच्या पुढे गेला की दोन वेगळे ठोके ऐकू येतात. आणि प्रत्येक टेकआधी ट्युनर. डावा हात जोरात दाबायची सवय असेल तर स्वर चढतो. एका ट्रॅकमध्ये ते खपून जातं, चारांत सगळं डुगडुगतं.

एक युक्ती सांगतो, जी मला फार उशिरा सापडली. पॉवर कॉर्ड म्हणजे आपला षड्ज-पंचम. 110 हर्ट्झचा सा आणि 165 चा पंचम एकाच ॲम्पमधून फाटले की त्यांच्यातल्या फरकाचा, म्हणजे 55 हर्ट्झचा स्वर आपोआप तयार होतो. तो बरोबर खालचा सा! म्हणून पॉवर कॉर्ड इतकी भरदार लागते. त्यात गंधार घातलात की असे जे नवे स्वर निघतात ते मूळ सुराशी जमत नाहीत, आणि चिखल होतो. तेव्हा रिफमध्ये, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या छोट्या तुकड्यात, गंधार हवाच असेल तर सा-पंचम एका ट्रॅकवर वाजवा आणि गंधार वेगळ्या ट्रॅकवर, वेगळा ॲम्प देऊन. एकत्र ऐकताना पूर्ण कॉर्ड मिळते, चिखल होत नाही.

आणि ज्याला तुम्ही गिटारचा जडपणा समजताय, त्यातला बराचसा बेस गिटारचा असतो. गिटारची खालची मोकळी तार 82 हर्ट्झची, बेसची 41 ची. गिटार 80–100 च्या खाली कापून टाका, बेसला थोडा ओव्हरड्राइव्ह, म्हणजे हलकी फाट, द्या. एकटी गिटार ऐकाल तर हलकी वाटेल, म्हणून एकटी ऐकत बसू नका.

आठ मात्रांचा एकच रिफ घ्या आणि दोनच ट्रॅक करा. ते एकमेकांवर घट्ट बसेपर्यंत तिसऱ्याला हात लावू नका. मला पहिल्यांदा त्याला तीन संध्याकाळी लागल्या होत्या.