जाताना साडेसहा तास, येताना चोवीस?

चोपड्याच्या भाऊंचा प्रश्न असा: आई-नाना बहिणीकडे न्यूयॉर्कला निघालेत. तिकिटावर मुंबईहून पहाटे 2 ला सुटून त्याच सकाळी 8:30 ला पोहोच लिहिलंय. परतीला दुपारी 12 ला निघून दुसऱ्या दिवशी दुपारी 12 ला मुंबई. अंतर तेच, मग तास असे कसे?

भाऊ, तिकिटावरची वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. न्यूयॉर्क उन्हाळ्यात आपल्या साडेनऊ तास मागे असतं, हिवाळ्यात साडेदहा. ऐन उन्हाळ्याचं तिकीट आहे, तर सगळं आपल्या घड्याळात मांडा. तिथले सकाळचे 8:30 म्हणजे आपले संध्याकाळचे 6, म्हणजे जाताना 16 तास. परतीला तिथले दुपारचे 12 म्हणजे आपले रात्रीचे साडेनऊ. तिथून दुसऱ्या दुपारपर्यंत साडेचौदा तास.

उरला दीड तासाचा फरक. तो वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात, हिवाळ्यात फारच. जाताना ते समोरून येतात, परतीला पाठीमागून. तापी भरून वाहत असताना नाव प्रवाहाबरोबर आणि प्रवाहाविरुद्ध नेऊन बघा, वल्हं तेवढंच मारलं तरी काठ वेगवेगळ्या वेगाने सरकतो. पृथ्वी खालून फिरते म्हणून वेळ वाचतो असं पुष्कळ जण सांगतात, ते चूक आहे. हवाही पृथ्वीबरोबरच फिरते. वाऱ्याची ताकद बघायची तर 2016 चं उदाहरण घ्या. एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकऐवजी पॅसिफिकवरून, म्हणजे वाऱ्याबरोबर पूर्वेकडे, न्यायला सुरुवात केली. वाट लांबली, 15,000 किलोमीटरच्या वर गेली, तरी प्रवास साडेचौदा तासांवर आला!

अंतर म्हणाल तर मुंबई-न्यूयॉर्क सुमारे 12,500 किलोमीटर. जळगाव-मुंबई रेल्वेने 420, म्हणजे तसे तीस प्रवास. 12,500 हा आकडा पृथ्वीच्या गोलावर दोरा ताणून मोजलेला. भिंतीवरच्या नकाशात सरळ रेघ अरबस्तान आणि सहारावरून जाते. गोलावरचा दोरा मात्र मॉस्को, नॉर्वे, आइसलंडकडून वळतो. शाळेतला पृथ्वीगोल मिळाला तर नानांना दाखवाच, माझ्या वडिलांना त्यानेच पटलं होतं. प्रत्यक्षात विमान अगदी त्या दोऱ्यावरून जात नाही. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हद्द बंद केल्यावर भारतीय कंपन्यांना वळसा घ्यावा लागला. शिवाय तिकिटावरच्या तासांत धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणंही धरलेलं असतं. म्हणून किलोमीटरला वेगाने भागून वेळ काढू नका, तिकिटावरचीच वेळ खरी माना.

आता काळजीचं सांगतो. माझी आई निघताना एकच विचारत होती, "कितला तास बसनं पडी?" मी 16 सांगितले आणि चुकलो. घरापासून घरापर्यंत दीड दिवस झाला होता. त्यात पावसाने आमची गाडी कसाऱ्याच्या घाटात तीन तास उभी राहिली, विमान थोडक्यात मिळालं. तुम्ही आदल्या दिवशीच मुंबई गाठा. आणि 2 ची वेळ आहे, तारीख नीट बघा: 15 तारखेचं तिकीट असेल तर 14 च्या रात्री दहाला विमानतळावर हजर व्हायचंय. नानांना साखरेच्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर डॉक्टरांना दोन्ही तिकिटं दाखवून औषधाच्या वेळा लिहून घ्या, आणि औषधं हातातल्या पिशवीत ठेवा.