वेगळे दिसण्याची घाई

वाचकांचे प्रश्न : तरुणांचा रोजचा पेहराव

या वेळच्या पत्रांतून एकच तक्रार निरनिराळ्या तोंडांनी आली आहे. पहिल्या पत्राचे उत्तर थोडे लांबले आहे. पुढच्या काही पत्रांची उत्तरे अर्धी त्यातच आहेत, असे समजावे.

प्रश्न : मी एकवीस वर्षांचा असून शिक्षणासाठी दोन वर्षांपूर्वी मोठ्या शहरात आलो. इथे आल्यावर माझे आधीचे कपडे मला जुनाट वाटू लागले, म्हणून साठवलेल्या पैशांतून एक ढगळ टी-शर्ट, रुंद पायांची जीन्स आणि पांढरे स्नीकर्स घेतले. पहिल्याच दिवशी वर्गात नजर फिरवली, तर माझ्यासह आठ जण जवळपास त्याच वेषात होते. वेगळे दिसण्यासाठी खर्च केला आणि गणवेश घातल्यासारखे झाले. खरोखर स्वतःचे वाटेल असे काही हवे असेल, तर काय घ्यावे?

उत्तर : तुमच्या पत्राचा शेवट ‘घ्यावे’ या शब्दावर झाला आहे आणि माझ्या मते तुमची खरी अडचण त्या शब्दातच आहे. ‘गणवेश’ हा शब्द मात्र तुम्ही नकळत अगदी नेमका वापरला आहे. ज्याला आज आपण सैलसर, रोजचा, अनौपचारिक पेहराव म्हणतो, त्यातील जवळजवळ प्रत्येक कपडा कधीतरी कोणाच्या तरी कामाचा, खेळाचा किंवा सैन्यातला पोशाख होता. खिशांच्या कोपऱ्यांवर धातूचे रिव्हेट ठोकलेल्या विजारींचे पेटंट जेकब डेव्हिस हा शिंपी आणि लेव्ही स्ट्रॉस हा कापडाचा व्यापारी या दोघांना २० मे १८७३ रोजी मिळाले, ते अंगमेहनत करणाऱ्यांच्या विजारी खिशापाशी उसवू नयेत म्हणून. टी-शर्ट हा विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकी नौदलातील खलाशांनी गणवेशाच्या आत घालायचा कपडा होता. कॉलरचा, अर्ध्या बाह्यांचा विणीचा शर्ट टेनिसपटू रने लाकोस्त याने १९२६ साली मैदानात उतरताना घातला, कारण लांब बाह्यांच्या कडक शर्टात त्याला हात मोकळा फिरवता येत नसे. आणि खाकी तर ‘खाक’ म्हणजे धुळीवरून आलेला शब्द आहे. शिपाई धुळीत मिसळून जावा, दिसू नये, हाच त्या रंगाचा हेतू होता. लपण्यासाठी निवडलेल्या रंगात आज तरुण उठून दिसू पाहतात, ही गंमत मला नेहमीच आवडते.

सांगायचे ते इतकेच की, दुकानाच्या फळीवर असताना हे सगळे कपडे कोणाचेच नसतात. एकच साचा हजारोंनी कापला जातो आणि ‘फक्त मोजकेच नग’ असे लिहिलेला कपडाही निदान काही शेकड्यांनी शिवलेला असतो. त्यामुळे दुर्मीळ वस्तू शोधून वेगळे होण्याच्या शर्यतीत तुम्ही उतरलात, तर तुमच्याहून जास्त पैसे किंवा जास्त वेळ असलेला कोणीतरी दर आठवड्याला तुमच्यापुढे जाईल.

तुमच्या वर्गातल्या त्या आठ जणांना मी मूर्ख मानत नाही, तुम्हीही मानू नये. गेऑर्ग झिमेल या जर्मन समाजशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या अगदी आरंभी फॅशनवर आणि महानगरातील मनोवृत्तीवर लिहिताना एक गोष्ट नेमकी हेरली होती. माणसाला चारचौघांत सामावून जायचेही असते आणि चारचौघांहून निराळे व्हायचेही असते, आणि फॅशन या दोन्ही ओढी एकाच वेळी भागवते. मोठ्या शहरात ही ओढाताण वाढते, कारण तिथल्या भेटी क्षणभराच्या असतात. जिथे सगळे तुम्हाला लहानपणापासून ओळखतात, तिथे तुम्ही कोण आहात हे तुमच्या शर्टाला सांगावे लागत नाही. अनोळखी गर्दीत मात्र समोरच्याकडे तुम्हाला पाहण्यासाठी काही क्षणच असतात, आणि त्या क्षणांत काहीतरी ठळक सांगून टाकावे असे प्रत्येकाला वाटते. आठही जणांनी एकाच आठवड्यात, एकाच पडद्यावर पाहून, एकच ठळक वाक्य उचलले, एवढेच घडले आहे.

आता तुमच्या त्या जीन्सकडे वळू. डेनिममध्ये उभा धागा निळीत रंगवलेला आणि आडवा धागा पांढरा असतो, म्हणून कापड उलटे केले की फिकट दिसते. त्या उभ्या धाग्यातही निळीचा रंग गाभ्यापर्यंत पोहोचत नाही, तो वरच्या थरातच बसतो. घासले की वरचा रंग झिजतो आणि आतला पांढरा गाभा उघडा पडतो. तुम्ही गुडघे कसे दुमडता, फोन कोणत्या खिशात ठेवता, बसताना कोणत्या मांडीवर भार देता, सायकल चालवता की पायी फिरता, यांनुसार ती जीन्स वेगवेगळ्या ठिकाणी फिकी होते. एकाच फळीवरून घेतलेल्या दोन जीन्स वर्षभर नेमाने वापरल्यावर अदलाबदल करता येणार नाहीत इतक्या निराळ्या होतात. (हे साध्या, गडद, न विटवलेल्या डेनिमला जास्त लागू आहे, कारखान्यातच फिकी करून आलेली जीन्स आपले बरेचसे आयुष्य आधीच जगून आलेली असते.)

म्हणून माझा सल्ला तुम्हाला कंटाळवाणा वाटेल. पुढचे सहा महिने काहीही नवे घेऊ नका. जे तीन कपडे घेतले आहेत, ते मनापासून वापरा, आणि ज्यांना तुम्ही जुनाट म्हणता तेही एकेक करून पुन्हा अंगावर घालून पाहा. घाईच्या सकाळी, आरशासमोर उभे राहायला वेळ नसताना, हात आपोआप कोणत्या कपड्याकडे जातो ते लक्षात ठेवा. तो कपडा तुमचा. मग त्याच्याशी बाकीचे कसे जुळवायचे हा प्रश्न उरतो, आणि तो फार सोपा आहे.

प्रश्न : माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे. गुडघ्यांवर फाटलेली जीन्स तो नव्या कपड्याच्या किमतीला आणतो आणि ‘ही माझी स्टाइल आहे’ असे सांगतो. आमच्या काळी फाटलेला कपडा लपवावा लागे. यात व्यक्तिमत्त्व कोठे आले?

उत्तर : आपला राग मला समजतो, परंतु जीन्सवर चिडणारे आपण पहिले पालक नाही. १९५० च्या दशकात अमेरिकेतील अनेक शाळांनी अखंड, न फाटलेली जीन्सदेखील उद्धट मुलांचा पोशाख म्हणून बंद केली होती. तेव्हा ‘लोक काय म्हणतील’ हा मुद्दा बाजूला ठेवू, कारण त्यावर मुलगा हमखास जिंकेल.

दुसरा एक मुद्दा अधिक वजनदार आहे. वापरून झिजलेल्या जीन्समध्ये निळे उभे धागे आधी तुटतात आणि पांढरे आडवे धागे जाळीसारखे शिल्लक राहतात. नवी जीन्स अशी दिसावी म्हणून कारखान्यात ती प्युमिस दगडांसोबत धुतात, विकरांनी किंवा लेसरने झिजवतात, कानशीने घासतात. एके काळी दाबाने वाळू मारून कापड विटवण्याची पद्धत सर्रास होती. त्या वाळूतील सिलिकाची बारीक धूळ श्वासावाटे आत गेल्याने कामगारांना सिलिकोसिस हा फुप्फुसांचा बरा न होणारा आजार जडू लागला आणि तुर्कस्तानने २००९ साली या पद्धतीवर बंदी घातली. दुसऱ्याने कष्ट सोसून झिजवलेली वस्तू विकत घ्यायची आणि ती ‘माझी’ म्हणायची, यातली विसंगती एकोणीस वर्षांच्या मुलाला नक्की कळेल. फक्त ती उपदेशाच्या सुरात सांगू नका. पुढची जीन्स अखंड घेऊन ती गुडघ्यावर आपोआप फाटेपर्यंत वापरण्याची पैज त्याच्याशी लावून पाहा. फाटल्यावर रफू कसे करायचे हे आपल्याला येत असेल, तर तेही त्याला शिकवता येईल. उठून दिसणारे टाके घालून केलेली दुरुस्ती आज मुलांना आवडते, हे ऐकून कदाचित आपल्यालाही आश्चर्य वाटेल.

प्रश्न : मला फिकट गुलाबी शर्ट आवडतो, पण मित्र ‘मुलींचा रंग’ म्हणून चिडवतात. घालावा की नाही?

उत्तर : घालावा. १९१८ साली अमेरिकेतील बालवस्त्रांच्या एका व्यापारी नियतकालिकाने गुलाबी रंग ठसठशीत म्हणून मुलग्यांना आणि निळा रंग नाजूक म्हणून मुलींना सुचवला होता. पुढे काही दशकांत हे नेमके उलटे झाले. जो नियम शंभर वर्षांत कोलांटउडी मारतो, त्याला किती मान द्यायचा हे तुम्हीच ठरवा.

एका गोष्टीकडे मात्र लक्ष द्या. अठराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत युरोपातील श्रीमंत पुरुष भरतकाम केलेले रेशमी कोट आणि पावडर लावलेले टोप मिरवीत असत. त्यानंतर लंडनमध्ये ब्यू ब्रमेल या तरुणाने गडद कोट, स्वच्छ पांढरा गळपट्टा आणि अंगाला नेमकी बसणारी शिवण एवढ्यावरच सगळ्यांचे डोळे आपल्याकडे वळवले. सगळीकडे चकाकी असताना तो साधेपणाने उठून दिसला, आणि मग सगळ्यांनीच त्याचे अनुकरण केल्यावर तो साधेपणा पुढच्या पिढ्यांचा गणवेश झाला. तुमच्या मित्रमंडळीत सगळेच काळे आणि करडे घालत असतील, तर एक गुलाबी शर्ट पुरेसा आहे. त्यासोबत आणखी काही भडक घालण्याची गरज नाही. चिडवणे साधारण तिसऱ्या वेळी थांबते. चौथ्यांदा तो शर्ट दिसला नाही, तर तेच मित्र विचारतात.

प्रश्न : माझी उंची पाच फूट चार इंच असून बांधा भरलेला आहे. रील्समध्ये दाखवतात ते सगळे उंच, सडपातळ मुलांवरच चांगले दिसते. ढगळ कपड्यांत मी बुटका दिसतो आणि घट्ट कपड्यांत अवघडतो.

उत्तर : दोन्ही बाबतींत तुमचे निरीक्षण बरोबर आहे, म्हणून सरळ मापांकडे जाऊ. टी-शर्टच्या खांद्याची शिवण खांद्याच्या हाडाच्या टोकावर यावी. मुद्दाम उतरत्या खांद्याचा टी-शर्ट घेतलात तरी चालेल, पण मग त्याची लांबी विजारीच्या झिपच्या मध्यापाशी थांबली पाहिजे. त्याखाली गेला की पाय आखूड दिसू लागतात. तुमची बहुतेक अडचण रुंदीची नसून लांबीची असावी, असा माझा अंदाज आहे.

कापडाचे वजनही पाहा. लेबलवर ‘जीएसएम’ म्हणून जो आकडा असतो, तो एका चौरस मीटर कापडाचे ग्रॅममधील वजन सांगतो. दीडशेच्या आसपासचा टी-शर्ट पातळ असतो आणि अंगाला चिकटतो. दोनशेच्या पुढचा स्वतःचा आकार धरून ठेवतो, त्यामुळे भरलेल्या बांध्यावर तो अधिक सुबक बसतो. उकाड्यात मात्र तो जड वाटतो, तेव्हा एकदम चार घेऊ नका.

विजार बेंबीच्या थोडी खाली, खऱ्या कमरेजवळ बसणारी घ्या. कमरेखाली घसरणारी विजार पायांची उंची खाते. आणि एक चांगला शिंपी शोधून ठेवा. विजारीची लांबी, कंबर, शर्टाच्या बाजू आणि बाह्यांची लांबी त्याला सहज कमी करता येते. खांदे बदलणे मात्र अवघड आणि खर्चिक असते, म्हणून विकत घेताना खांदे बरोबर बसतात ना हे पाहायचे आणि बाकीचे शिंप्यावर सोपवायचे. सुती कपडा शिंप्याकडे देण्यापूर्वी एकदा धुवून घ्या, कारण तो आटतो. रीलमधील मुलाचे कपडेही पुष्कळदा मागून चिमट्यांनी आवळलेले असतात, हे जाता जाता.

प्रश्न : पहिली नोकरी लागली आहे. कार्यालयाच्या पत्रात ‘स्मार्ट कॅज्युअल’ असे लिहिले आहे. म्हणजे काय?

उत्तर : याचा ठरलेला अर्थ कोणाकडेच नाही, लिहिणाऱ्याकडेही नसावा. पहिल्या आठवड्यात कॉलरचा साधा शर्ट, गडद रंगाची चिनो (म्हणजे साध्या सुती कापडाची) विजार आणि स्वच्छ बूट घाला. जीन्स आणि स्नीकर्स चालतात का, हे दुसऱ्यांच्या पायांकडे पाहून तीन दिवसांत कळते. इस्त्री मात्र चुकवू नका.

प्रश्न : मी गेली तीन वर्षे रोज काळा टी-शर्ट घालतो. माझ्याकडे एकाच जातीचे सहा आहेत. मित्र म्हणतात, तुला व्यक्तिमत्त्वच नाही.

उत्तर : तीन वर्षांत त्या मित्रांनी किती वेळा पेहराव बदलला, आणि त्यातला कोणता तुम्हाला आज आठवतो, ते त्यांना विचारा. तुमचा काळा टी-शर्ट त्यांना पाठ आहे. स्टीव्ह जॉब्स यांनी इस्सेई मियाके या रचनाकाराकडून काळे उंच गळ्याचे टी-शर्ट करवून घेतले आणि वर्षानुवर्षे तेच वापरले. पुढे अनेक तरुण उद्योजकांनी तोच वेष उचलला आणि तो त्यांच्या अंगावर उसना दिसला. तुम्ही काळा रंग कोणाचे पाहून निवडला, की सकाळी विचार करायचा नाही म्हणून, की तो तुम्हाला खरोखर आवडतो, हे मला पत्रावरून कळत नाही. आवडत असेल तर मित्रांना उत्तर देण्याचीही गरज नाही.

काळजी फक्त रंगाची घ्या. सहाही टी-शर्ट उलटे करून गार पाण्यात धुवा, सावलीत वाळवा, आणि आलटून पालटून सारखे वापरा. नाहीतर दोन करडे, एक तपकिरी आणि तीन काळे अशी जमात तयार होते आणि मग मित्रांचे म्हणणे थोडेसे खरे ठरते.