जुन्या गार्डन ट्रॅक्टरचा पीटीओ क्लच : आधी मोजमाप, मग बदल

प्रश्न : जुन्या गार्डन ट्रॅक्टरवर गवत कापायचे डेक विजेच्या पीटीओ क्लचवर (इंजिनची ताकद पात्यांकडे जोडणाऱ्या-तोडणाऱ्या क्लचवर) चालते. सुरुवातीला पाती नीट फिरतात, पण इंजिन तापले की बंद पडतात. थोडा वेळ थांबले की पुन्हा चालू होतात. नवा क्लच घ्यावा का?

एवढ्या लक्षणावरून लगेच घेऊ नका. हा क्लच म्हणजे एक विद्युतचुंबक. कॉइलमध्ये, म्हणजे तारेच्या वेटोळ्यात, वीज गेली की पुलीबरोबरची पोलादी चकती इंजिनबरोबर फिरणाऱ्या रोटरकडे ओढली जाते आणि पुली फिरू लागते. वीज तुटली की स्प्रिंग चकतीला मागे ढकलून ब्रेकवर टेकवतात. चकती आणि रोटर यांच्यामध्ये अगदी बारीक फट असते. वर्षानुवर्षे घासून ती रुंदावते. कॉइल तापली की तिचा रोध वाढतो, वीजप्रवाह घटतो, ओढ कमी होते आणि मग रुंद झालेली फट तिला ओलांडवत नाही. म्हणून थंड असताना चालते आणि तापल्यावर सुटते. अशा वेळी कॉइल धडधाकट असू शकते.

बहुतेक जुन्या क्लचवर फट कमी-जास्त करायला तीन नट आणि शेजारी तीन खाचा असतात. प्रत्येक खाचेतून फिलर गेज (फट मोजायची पातळ पोलादी पट्टी) घालून फट ०.३० ते ०.४० मि.मी. ठेवा, तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळा आकडा असेल तर तोच धरा. तिन्ही ठिकाणी फट सारखी हवी, नाहीतर चकती एका बाजूने घासते.

फट ठीक असूनही क्लच सुटत असेल तर मल्टिमीटर घ्या. क्लच बंद पडल्यावर गरम असतानाच इंजिन बंद करून त्याचा प्लग काढा आणि कॉइलचा रोध मोजा. बारा व्होल्टच्या बऱ्याच क्लचमध्ये तो साधारण ३ ओहमच्या आसपास येतो. मीटर अनंत दाखवत असेल तर कॉइल आतून तुटली आहे. थंड झाल्यावर मोजाल तर हा दोष निसटेल. त्यानंतर प्लग परत जोडा, इंजिन बंदच ठेवून चावी ऑन करा, पीटीओचा स्विच ओढा आणि प्लगच्या मागच्या बाजूने व्होल्टेज बघा. काही ट्रॅक्टरवर त्या वेळी सीटवर कोणी बसलेले असावे लागते. बॅटरीइतकेच व्होल्टेज जवळपास मिळायला हवे. ते बरेच कमी असेल तर दोष गंजलेल्या स्विचमध्ये, सीट स्विचमध्ये किंवा अर्थिंगमध्ये शोधा. प्लग सुटा ठेवून मोजू नका. भार नसताना खराब स्विचही पूर्ण व्होल्टेज दाखवतो.

क्लच बदलावाच लागतो तो कॉइल गेली, बेअरिंग घरघरते किंवा रोटर निळा-काळा पडून चरे उमटले तर. नवा घेताना शाफ्टचा व्यास, पुलीचा व्यास, पुलीची उंची आणि प्लगचा प्रकार जुन्याशी ताडून पाहा. पुली मोठी आली तर पाती ठरल्यापेक्षा जास्त वेगाने फिरतील, आणि ते धोक्याचे आहे.

प्रश्न : मधला बोल्ट निघाला, पण क्लच शाफ्टवरून हलत नाही. ठोकून काढावा का?

नाही, ही विनंती मनावर घ्या. तो शाफ्ट म्हणजे इंजिनचा क्रँकशाफ्टच. त्यावर हातोडा बसला तर शाफ्ट वाकतो किंवा आतल्या बेअरिंगला मार बसतो, आणि क्लचच्या कामातून इंजिनचे काम उभे राहते. बॅटरीची निगेटिव्ह वायर आणि स्पार्क प्लगची वायर काढलेली आहे ना, ते आधी पाहा. ट्रॅक्टर सपाट जागी भक्कम स्टँडवर हवा. नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली जाऊ नका. गंज सोडवणारे तेल शाफ्टच्या कडेने सोडून रात्रभर मुरू द्या. मग पुलर (ओढून काढायचे स्क्रूचे अवजार) लावा आणि हळूहळू ताण द्या. कॉइलच्या पत्र्याला पहार लावू नका.

क्लच निघाल्यावर शाफ्ट बारीक पॉलिश पेपरने साफ करा, शाफ्टवरच्या चावीची (क्लचला शाफ्टशी अडकवणाऱ्या लोखंडी तुकड्याची) खाच तपासा आणि अँटी-सीझ लेप, म्हणजे भाग गंजून अडकू न देणारा लेप, अगदी पातळ लावा. तो घर्षणाच्या पृष्ठभागावर गेला तर क्लच घसरेल. बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळा. किती, ते पुस्तिकेत दिलेले असते.

प्रश्न : नवा क्लच बसवला आणि सुरू करताच त्याची वायर गुंडाळून तुटली. असे का झाले?

कॉइलचा भाग जागेवर थांबायला हवा होता, तो फिरला. त्याच्या कानात किंवा खाचेत चौकटीवरची पिन अडकते, ती तुमच्याकडून राहिली असावी. पिन कॉइलला फक्त फिरण्यापासून अडवते. तिथे थोडी ढिलाई लागते, म्हणून ती जखडून आवळू नका, नाहीतर क्लचच्या बेअरिंगवर सतत ताण येईल.

नवा क्लच लगेच दाट गवतात घालू नका. मोकळ्या जागी, डेकजवळ कोणी नसताना, इंजिन अर्ध्या वेगावर ठेवून क्लच काही सेकंद चालू, काही सेकंद बंद असा पाच-सहा वेळा चालवा. मग वेग थोडा वाढवून तेवढ्याच वेळा करा. याने दोन्ही पृष्ठभाग एकमेकांवर नीट बसतात. त्यानंतर चावी काढून, स्पार्क प्लगची वायर पुन्हा सोडून, तिन्ही खाचांतली फट एकदा तपासा.